मी येईपर्यंत धरून ठेवा

माझ्या नवऱ्याला, सुहासला, अजूनही वाटतं की शेजारच्या हिरानो-सान वय झालं म्हणून सेंदाईला गेल्या. आमच्या मजल्यावर सगळ्यांनाच तसं वाटतं. पुण्याला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मुलाने नेलं ना, मग बरंच झालं. मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? खरं काय झालं ते मी सुहासला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून उठते.

तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला कधी लिफ्टमध्ये भेटणार नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. हे सांगताना मला मजा येणार आहे. निदान अर्ध्यापर्यंत तरी. आत्तासुद्धा, नुसती सुरुवात करताना, माझे हात शिवशिवतायत आणि कान गरम झालेत. लाज वाटायला हवी ना? वाटते. पण मजाही येते. तीही या कबुलीतच धरा.

पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेल्या गोष्टीत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा—हे काम तर तू घरबसल्या फुकट करशील, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. मग सुहासला टोकियोतलं काँट्रॅक्ट मिळालं आणि आम्ही ओजिमाला आलो. सरकारी दांचीत, म्हणजे वसाहतीत. एकाला एक लागून उंच इमारती, खाली सायकलींची गर्दी, आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मजल्यावरून कुकरची शिट्टी. इथे मला नोकरी मिळेना. भाजीवाल्याशी, डॉक्टरशी बोलण्यापुरतं जपानी यायला लागलं होतं, पण ऑफिसातलं जपानी म्हणजे वेगळंच प्रकरण. शेवटी दोन स्टेशनं पलीकडच्या सुपरमार्केटमध्ये बाइतो धरला, म्हणजे तासांवरचं काम. मागच्या गारठलेल्या खोलीत पालकाच्या जुड्या बांधायच्या, मुळे पिशवीत घालायचे. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातात मोजे. अख्ख्या दिवसात माझा चेहरा कुणाला दिसायचा नाही.

हे दया यावी म्हणून सांगत नाही. पुढे जे सुरू झालं त्याने मी एवढी का हरखले, ते कळावं म्हणून सांगतेय.

एका दुपारी मी लॅपटॉपवर काहीतरी रेसिपी शोधत होते आणि स्क्रीन लालभडक झाली. भोंगा वाजायला लागला. एक जपानी बाई खणखणीत आवाजात सांगू लागली की तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. खाली एका मोठ्या कंपनीचं नाव. आता, मला क्षणात कळलं की हे बनावट आहे. एक बटण थोडा वेळ दाबून धरलं की सगळं जातं. मी ते बटण दाबलं नाही. मी फोन लावला.

का लावला? खोट दिसली की बोट घातल्याशिवाय राहवत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, त्या दिवशी मला कुणीतरी फोनवर बोलायला हवं होतं. यातलं कुठलं कारण जास्त खरं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

पलीकडून एक पुरुष म्हणाला की मी तानाका, सपोर्ट सेंटरमधून बोलतोय. आणि मी खुर्चीत ताठ झाले. त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'देस'मधला 'द' टाळ्याला चिकटत होता—डेस, डेस. असं जपानी मी रोज घरात ऐकते, सुहास तसंच बोलतो. हा तानाका आपल्याकडचा होता. मागे कुणीतरी कुणाला तरी हिंदीत फॅन वाढवायला सांगत होतं. तुम्ही परदेशात एकट्या घरी बसलेल्या असाल आणि तुम्हाला लुटायला आलेला माणूस आपल्या गावचा निघाला, तर काय वाटेल? मला वाटला आनंद. खरंच सांगते, पोटातून उकळी फुटली.

मग ते रोजचंच झालं. मी जुना लॅपटॉप काढला, त्याच्या आत एक खोटा कॉम्प्युटर बनवला—म्हणजे त्यांनी दुरून त्यात शिरावं, हवा तेवढा धुमाकूळ घालावा, आणि हाती काही लागू नये. खोट्या फोल्डरमध्ये मांजरांचे फोटो भरले. मग फोन लावायचा आणि म्हातारी व्हायचं. तानाका म्हणायचा, कंट्रोल बटण दाबा. मी म्हणायचे, थांबा हं, चष्मा आणते. चष्मा आणायला चांगला वेळ जायचा. मग, कंट्रोल म्हणजे ते दिव्याचं का? तो म्हणायचा, नाही, कीबोर्डवरचं. मी म्हणायचे, कीबोर्ड तर मुलाने माळ्यावर ठेवलाय. पलीकडे त्याचा श्वास जोरात व्हायचा आणि इकडे मी उशी तोंडात कोंबून हसायचे. तो कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन प्रीपेड कार्डं आणायला सांगायचा, मी घरातल्या घरात सोफ्याला फेऱ्या मारून आले असं सांगायचे. मग कार्डावरचा नंबर वाचायचा—तो मिळाला की पैसे त्याचे—आणि त्यात प्रत्येक वेळी एक आकडा चुकीचा. तो पुन्हा वाचायला लावायचा. मी पुन्हा वाचायचे, दुसराच आकडा चुकवून. आणि मग, तो पार रडकुंडीला आला की मी फोन ठेवायचे. काय सुख होतं ते. मी मनाशी म्हणायचे, जेवढा वेळ हा माझ्यात अडकलाय तेवढा वेळ कुठली तरी बिचारी म्हातारी सुटली. समाजसेवाच की ही.

बिचारी म्हातारी. आता हिरानो-सानबद्दल सांगायला हवं. टाळतेय मी ते, तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या आमच्या शेजारच्या दारात राहायच्या, एकट्या. ओळख झाली ती कचऱ्यावरून. मी प्लास्टिकच्या दिवशी जळाऊ कचरा ठेवला होता आणि तो हातात घेऊन त्या माझ्या दारात आल्या. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कमरेत वाकल्या, आणि इतक्या गोड आवाजात मला कचऱ्याचे वार समजावले की मी ऐकतच राहिले. त्यांचा आवाज हीच त्यांची खरी ओळख होती. अख्खी नोकरी त्यांनी एका कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काढली होती. फोन आला की कानाला लावायचा, नम्रपणे बोलायचं, जोडून द्यायचा. आणि एक नियम, जो त्यांना पहिल्याच दिवशी शिकवला होता आणि हाडांत भिनला होता—समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. पलीकडे खट्ट झालं की मगच रिसीव्हर खाली, तोही अलगद. नवरा गेला, मुलगा सेंदाईच्या विद्यापीठात संशोधक. तो त्यांना तिकडच्या वृद्धाश्रमात यायला सांगत होता, वरचेवर, अगदी प्रेमाने. त्या म्हणायच्या, इथे मी माझ्या किल्लीने माझं दार उघडते, अजून काय हवं? त्यांची किल्ली लाल दोऱ्यात ओवून गळ्यात असायची.

माझ्या फोनवरच्या म्हातारीचा आवाज—तो त्यांचा होता. मी चोरला होता. ते 'आरा, मा' म्हणून आश्चर्य करणं, वाक्य अर्धवट सोडून देणं, सगळं. एकदा भिंतीपलीकडून त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, तुमच्याकडे कुणी आजी आल्यात का? मी लाजले आणि खरं ते सांगून टाकलं. वाटलं रागावतील. त्या तोंडावर हात ठेवून एवढ्या हसल्या की भिंतीला टेकल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, पण म्हातारी बाई फोन उचलल्यावर असं 'मोशी मोशी' म्हणत नाही, माधवी-सान. आणि म्हणून दाखवलं.

झालं. मला जोडीदार मिळाली. तुम्हाला सांगू, जपानमधले माझे सगळ्यात सुंदर दिवस ते. शनिवारी सुहास क्रिकेट खेळायला गेला की मी चकल्या नाहीतर पोहे घेऊन त्यांच्याकडे. त्या चहा करायच्या, मी लॅपटॉप उघडायचे. त्या शेजारी बसून मला शब्द पुरवायच्या, चिठ्ठीवर लिहून. मध्येच न राहवून स्वतः फोन घ्यायच्या. आणि काय बोलायच्या! तानाकाला बोलता बोलता त्यांनी हवामानावर, गुडघेदुखीवर, मागच्या वर्षीच्या लोणच्यावर नेलं होतं एकदा. फक्त शेवट त्यांना जमायचा नाही. खेळ संपला की त्या फोन माझ्या हातात द्यायच्या. तुम्ही ठेवा, म्हणायच्या, मला नाही ठेवता येत.

पुढे त्या टोळीने माझा नंबर ओळखायला सुरुवात केली. मी 'हॅलो' म्हटलं की कट. नवा नंबर हवा होता, आणि हिरानो-सानकडे लँडलाइन होता. मी विचारलं, यावरून लावू का? त्या हो म्हणाल्या. मी विचारलं होतं, हे लक्षात असू द्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, मला कळत होतं. नंबर पलीकडे दिसतो आणि दिसलेला नंबर ते जपून ठेवतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या शनिवारी मला तानाका हवा होता.

आणि मिळाला. त्या दिवशीचा खेळ असा काही रंगला म्हणून सांगू. चष्मा झाला, कीबोर्ड झाला, मांजराने वायर ओढली. तानाकाचा आवाज चिरकायला लागला. हिरानो-सान उशीत तोंड खुपसून बसल्या होत्या. आणि कळस म्हणून मी काय करावं? मी आपल्या मराठीत, अगदी शांतपणे विचारलं, 'काय रे, जेवलास का?'

पलीकडे फॅनचा आवाज तेवढा. मग हळूच, 'मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?'

मी फोन ठेवला आणि जमिनीवर लोळून हसले. हिरानो-सानना अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मग म्हणाल्या, जेवले असतील का हो ते? मला त्याचंही हसू आलं. घरी येताना दोन दारांमधल्या व्हरांड्यात मी अक्षरशः नाचले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी कुणीतरी होते.

आता अर्धं झालं. इथून पुढे मजा नाही, असं मी म्हणायला हवं. पण खोटं कशाला? अजून थोडी आहे. आणि तीच सगळ्यात वाईट.

पुढच्याच आठवड्यात, बाइतोच्या चहाच्या सुट्टीत, माझा फोन वाजला. हिरानो-सान मोबाइलवरून कुजबुजत होत्या. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा फुलला होता. म्हणाल्या, तानाका-सानचा फोन आलाय, आपणहून. लँडलाइनवर. चहा उतू जातोय सांगून थांबवलंय त्यांना.

आणि मग त्यांनी विचारलं, 'काय करू? ठेवू का?'

ठेवू का. ज्या बाईने आयुष्यात कधी आधी फोन ठेवला नाही, ती माझी परवानगी मागत होती. मी नुसतं हो म्हटलं असतं तर त्यांनी तो ठेवला असता—माझ्यासाठी नियम मोडला असता, मला खात्री आहे. तो आपणहून फोन करतोय याचा अर्थ काय, तेही मला कळलं होतं. मी त्याला हिणवलं होतं, आता तो खेळायला आला नव्हता. टेस्टर होते ना मी? मला खोट लगेच दिसते. त्याही वेळी दिसली.

मी म्हटलं, 'नको, नको, ठेवू नका. मी येईपर्यंत धरून ठेवा.'

कारण मला तो हवा होता. माझ्यावाचून खेळ संपायला नको होता. एवढंच.

सुट्टी संपली होती, पाळी संपायला अजून अवकाश होता, आणि मी पोटात दुखतंय असं सांगून निघालेही नाही. बाइतोवर तसं चालत नाही म्हणून नाही—तो तेवढा वेळ टिकेल याची मला खात्री होती म्हणून. उरलेला पालक मी गाणं गुणगुणत बांधला. मग टोपी फेकली आणि स्टेशनकडे पळत सुटले. फलाटावरून हिरानो-सानचा लँडलाइन लावला, तो नुसताच वाजत राहिला. मोबाइल लावला, तो एंगेज. एंगेज—आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, शाबास. अजून धरून ठेवलंय. मोबाइलवर आणलंय म्हणजे त्याला घरभर फिरवतायत. गाडीत मी एकटीच हसत होते, समोरचा माणूस माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागला.

स्टेशनपासून दांचीपर्यंत मी धावत गेले. वाटेत आमची कोपऱ्यावरची कोंबिनी लागते, काचेची. मी तिच्यासमोरून धावले. आत पाहिलं नाही.

हिरानो-सानच्या दारावरची बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. तरीसुद्धा मला काही वाटलं नाही, बघा. मी दारात उभी राहून, पुढे काय बोलायचं त्याची तयारी करत होते. या वेळी कुठलं गाव विचारावं, पेठ विचारावी का, असलं. मग लिफ्ट उघडली आणि त्या बाहेर आल्या. मोबाइल अजून कानाला. दुसऱ्या हातात कोंबिनीची पिशवी. चेहरा पांढरा. मला पाहिलं आणि त्यांनी फोन खाली घेतला. मग वाकल्या, अगदी खोल, ऑफिसात चूक झाल्यावर वाकतात तसं.

'सुमिमासेन, माधवी-सान,' म्हणाल्या. 'तुम्ही येईपर्यंत धरून ठेवता आलं नाही. त्यांनी ठेवला.'

पिशवीत कार्डं होती. सगळ्यांची नंबरावरची पट्टी खरडलेली.

काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्याने त्यांना मोबाइलवर घेतलं, कोंबिनीत जायला सांगितलं. त्यांनी विचार केला, माधवी-सान यायच्या आहेत, तोवर याला गुंतवायला हवं. सोफ्याला फेऱ्या मारून खोटं सांगणं त्यांना जमणारं नव्हतं. तो पलीकडे दाराचा आवाज, गल्ल्याची टिंग ऐकत होता, म्हणून त्या खरंच गेल्या. काउंटरवरच्या माणसाने त्यांना अडवलं. आजी, फोनवर कुणी कार्डं घ्यायला सांगतंय का, फसवणूक आहे ती. असं विचारायचंच असतं त्यांना, तिथे पाटीसुद्धा लावलेली असते. त्यावर हिरानो-साननी मोबाइलवर तळहात ठेवला आणि हसून सांगितलं की माहीत आहे मला, भामटाच आहे हा. माझ्या शेजारी भारतातल्या बाई आहेत, कॉम्प्युटरच्या, त्यांनी मला शिकवलंय. त्या येईपर्यंत याला धरून ठेवायचंय.

एवढ्या स्वच्छ आवाजात, एवढ्या आनंदात कुणी सांगितलं तर तुम्ही तरी काय कराल? त्याने कार्डं दिली. मग शंका आली म्हणून पोलिसांना फोन केला, पण तोवर त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी शिकवल्याप्रमाणे एक आकडा चुकवून नंबर वाचला. तो ओरडला. तो माझ्यावरही ओरडायचा, मी हसायचे. त्यांच्यावर मात्र नोकरीच्या अख्ख्या काळात फोनवर असं कुणी ओरडलं नव्हतं. त्यांच्या तोंडून सुमिमासेन निघालं आणि मग बरोबर नंबर निघाला. मग दुसऱ्या कार्डाचा, मग उरलेल्या सगळ्यांचा. फोन ठेवायचा, हे त्यांना सुचलंच नाही. कसं सुचेल? ठेवू नका, असं मी सांगितलं होतं.

पैसे गेले. पण पैशांचं मुलाने फारसं काढलंही नाही. तो दुसऱ्या दिवशी बुलेट ट्रेनने आला, थकलेला, सभ्य माणूस. त्याला काळजी वेगळीच लागली होती. आईला तो माणूस भामटा आहे हे माहीत होतं आणि तरी तिने खरे नंबर दिले, आणि विचारलं तर ती कुठल्याशा भारतीय शिक्षिकेची गोष्ट सांगते. पोलिसांनाही तिने तेच सांगितलं होतं. त्याने मला त्यांच्याकडे बोलावलं. त्या कोटात्सूपाशी, पांघरूण घातलेल्या बुटक्या गरम टेबलापाशी, गुडघे दुमडून बसल्या होत्या, हात मांडीवर. आमचा चहाचा नेहमीचा कप माझ्यासमोर ठेवला होता.

त्याने मला अगदी संकोचून विचारलं की आई म्हणते, तुम्ही तिला हा खेळ शिकवला, तिला धरून ठेवायला सांगितलं. असं काही झालं होतं का?

हे ते वाक्य, ज्याच्याभोवती मी एवढा वेळ फिरतेय. मी हो म्हटलं असतं, तर त्या शहाण्या ठरत होत्या. फसलेल्या, पण शहाण्या. त्यांचं घर, त्यांची किल्ली, सगळं माझ्या एका 'हो'वर होतं आणि ते मला त्या क्षणी लख्ख कळत होतं.

मी म्हटलं, 'नाही हो. आम्ही फक्त कचऱ्याच्या वारांबद्दल बोलतो.'

आमचा कायम राहण्याचा अर्ज तेव्हा चालू होता. माझ्या फोनवरून त्या टोळीला किती वेळा फोन गेले होते, आणि तानाका माझ्याच भाषेतला. पोलिसांनी काय समजावं? हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. हे मी नंतर, सावकाश, स्वतःसाठी गोळा केलं. त्या क्षणी फक्त एवढंच होतं की आपण सापडलो.

हिरानो-साननी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मुलाकडे वळल्या आणि त्यांच्या त्या टेलिफोनच्या आवाजात, नीट, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाल्या, 'मग माझाच काहीतरी गोंधळ झाला असेल.'

मुलाने डोळे मिटले. नंतर दारापाशी त्याने माझे आभार मानले, आईची एवढी विचारपूस करता म्हणून. सेंदाईहून आणलेला मिठाईचा डबा दिला. सुहासला ती मिठाई फार आवडली. मीही खाल्ली. त्यानंतर काही आठवड्यांत त्या गेल्या. जाताना दांचीच्या ऑफिसात किल्ली दिली तेव्हा लाल दोरा सोडवून घ्यायला त्यांना वेळ लागला. मी मदत करायला पुढे झाले नाही, लिफ्ट धरून उभी राहिले.

आमचा अर्ज मंजूर झाला. परवा दुपारी स्क्रीन पुन्हा लाल झाली, भोंगा वाजला, आणि माझ्या पोटात तीच उकळी आली. हात फोनवर गेला होता. खोटं नाही सांगत, आनंदाने गेला होता.

त्यांचा एकदाच फोन आला, तिकडे गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात, एका सकाळी. बर्फ पडलाय म्हणाल्या. जेवण चांगलं असतं. दाराला किल्ली नाही, नंबर दाबायचा असतो, आणि तो राहणाऱ्यांना सांगत नाहीत. मग आवाज खाली आणून, खट्याळपणे विचारलं, तानाका-सान परत आले होते का? मी म्हटलं, नाही. त्या हसल्या. मग दोघींकडचं बोलणं संपलं.

त्यांनी फोन ठेवला नाही. ठेवणारच नव्हत्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. सगळं बोलायला हवा तेवढा वेळ माझ्यापाशी होता. मी दुपारपर्यंत गप्प राहिले असते तरी त्या तिथेच असत्या, कानाला फोन लावून.

मी ठेवला.